‘व्हतं’चा ठसा

कार्तिक लागून तळेघरच्या बाजूची खाचरं पिवळी पडली, की माझं डोकं तापायला लागतं. बाकीच्यांना या दिवसांत बरं वाटतं. वारूळवाडीत आमच्या शेजारच्या बायका सकाळी अंगणात उभ्या राहून म्हणतात, हवा कशी छान पडलीय. ती मलाही कळते. एस.टी.नं घोडेगाव मागं टाकलं, रस्ता चढाला लागला, की खिडकीतून कापलेल्या भाताचा वास यायला लागतो. गोडसर, जरासा धुरकट, ओल्या मातीचा. लहानपणी त्या वासानं मला भूक लागायची. आता राग येतो, आणि तो दर वर्षी ताजा येतो. काळ गेला की राग निवतो असं लोक सांगतात. माझा निवलेला नाही, आणि तो निववून घ्यायची मला घाईही नाही.

मी शाळेत चित्रकला शिकवते. उरलेल्या वेळात छापचित्रं करते. लाकडाच्या फळीवर आकार कोरायचा, वर राहिलेल्या भागावर रुळानं शाई फिरवायची, कागद ठेवायचा आणि पाठीमागून घासायचा, एवढंच काम. पुण्याला कॉलेजात असताना मला अक्षरांचा नाद लागला. अक्षर फळीवर उलटं कोरावं लागतं, तेव्हा कुठं ते कागदावर सुलटं उतरतं. दिवसभर उलटी अक्षरं कोरत बसलं की रोजचा शब्दही परका दिसायला लागतो, आणि परका दिसला की त्याच्याकडे नीट बघावं लागतं. आमचे एक शिक्षक म्हणायचे, चित्रात काय दिसतं ते राहू द्या, ते का केलंत ते सांगा. मला सांगता यायचं नाही. तोंड उघडण्याआधी मी मनात प्रत्येक वाक्य तपासून घ्यायचे, आणि तोवर सरांचं लक्ष दुसऱ्याकडे गेलेलं असायचं.

ही तपासणी मला मंचरच्या शाळेनं शिकवली. माझे वडील बाजारात कांद्याच्या आडतीवर कामाला होते. घरी आम्ही सगळे ‘व्हतं’, ‘न्हाई’, ‘लई’ असंच बोलायचो. एकदा निबंधात मी लिहिलं, ‘आमच्या घरी एक गाय व्हती.’ बाईंनी त्या शब्दाभोवती लाल गोल काढला आणि वाक्य वर्गाला मोठ्यानं वाचून दाखवलं. वर्ग हसला. हसणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या घरी गाय ‘व्हती’च होती. तरी सगळे हसले, कारण लाल गोल आपल्या वहीवर नाही याचं बरं वाटत होतं. त्या दिवसापासून मी घरात एक आणि शाळेत एक अशी दोन तोंडं बाळगायला लागले. पुण्याला गेले तोवर घरचं तोंड जवळजवळ बंद पडलं होतं. सुट्टीत आले की वडील माझ्याशी बोलताना अडखळायचे, जणू घरात पाहुणी आलीय. त्यांच्या अख्ख्या आयुष्याचं बोलणं लाल गोलात बसलं असतं, हे मला तेव्हा सुचलं नाही. सुचलं तेव्हा ते नव्हते.

या सगळ्यात एकच माणूस माझ्याशी पहिल्यासारखं बोलत राहिलं, ते म्हणजे गऊमावशी. ती आईची सख्खी बहीण नव्हे. सुगी झाली की डोंगरातून भात आणि नाचणी घेऊन ती मंचरच्या बाजाराला उतरायची आणि आमच्याकडे मुक्कामाला राहायची. आईचं आणि तिचं जमलं, तेवढंच नातं. आई गेल्यावर तिचं उतरणं कमी झालं, मग मीच वर जायला लागले. तिचं सासर तळेघरजवळच्या एका वाडीत. माहेर खाली खोऱ्यात होतं. ती लग्न होऊन वर आली आणि नंतर धरणाचं पाणी चढलं, त्यात ते गाव गेलं.

ज्या सुगीची मला सारखी आठवण येते, त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी फळ्या, हत्यारं आणि जाड कागदाची गुंडाळी घेऊन मावशीकडे राहायला गेले होते. जुन्नरमधल्या एका मंडळाचं बोलावणं आलं होतं. मराठी भाषेच्या पंधरवड्यात ते प्रदर्शन भरवणार होते. विषय होता ‘भाषा आणि काळ’. तालुक्यातल्या चित्रकारांनी नवं काम करून द्यावं, असं त्यांचं म्हणणं होतं. विषय ऐकूनच मी हरखून गेले होते. ते हरखणं आठवलं की आज स्वतःचीच कीव येते.

सकाळी दहिवर एवढं पडलेलं असायचं की खाचरात उतरलं की पायजमा गुडघ्यापर्यंत भिजायचा. मावशी, तिची सून आणि शेजारच्या बायका ओळीनं वाकून कापत पुढं सरकायच्या. इळा भाताच्या बुडाला लागला की खर्र असा आवाज यायचा, आणि बाकी सगळी दरी गप्प असायची. मीही कापायला लागले. पात्यांनी हातावर बारीक चरे उठले, आणि दुपारी त्याच हातांनी शाई मळायला घेतली तेव्हा ती झोंबली. मला ते आवडलं होतं. खोटं कशाला बोलू, मला त्या दिवसांतलं सगळंच आवडलं होतं. खळ्यावर रचलेले भारे, झोडताना उडणारा भुसा, संध्याकाळी कपड्यांत, केसांत, भाकरीतसुद्धा येणारी भाताची कुसळं.

दुपारच्या भाकरीला बांधावर बसलं की मावशी दरीकडे हात करून बोलायची. “तितं आमचं घर व्हतं. म्होरं चिच व्हती. चिचंपसून वड्यापत्तुर आमचं रान व्हतं.” तिच्या तोंडी तो शब्द इतक्यांदा यायचा की पुढं पुढं मला बाकीचं ऐकू येईना, तेवढाच शब्द ऐकू यायचा. व्हतं म्हणताना खालचा ओठ वरच्या दातांना टेकतो, श्वास तिथं अडतो आणि मग सुटतो. होतं म्हणताना काहीच अडत नाही. शिवाय पुस्तकातलं ‘होतं’ दोन्हीकडं चालतं. पाऊस पडला की अंगणात तळं होतं, आणि पूर्वी इथं गाव होतं. घडतंय ते आणि संपलंय ते, दोन्हीला एकच शब्द. मावशीच्या बोलण्यात तशी सरमिसळ नाही. आज घडतंय ते ‘व्हतंय’, आणि गेलं ते ‘व्हतं’. तिच्यासारख्या बाईला ती सरमिसळ परवडलीही नसती.

मी पडवीत बसून फळीवर तो एकच शब्द कोरला. मोठा, फळीभर. एकदाच शाई लावली आणि ओला केलेला जाड कागद ठेवून लाकडी चाटूच्या पाठीनं घासला. पहिला ठसा काळाकुळकुळीत आला. मग शाई न लावता दुसरा कागद ठेवला. तो थोडा फिका. तिसरा त्याहून फिका. असं करत करत अक्षरं करडी झाली, मग धुरासारखी, मग नुसती कड राहिली, आणि शेवटच्या कागदांवर शाई अजिबात उतरली नाही. पण जोरानं घासल्यामुळं कागद अक्षरांच्या जागी दबला होता. समोरून बघितलं तर कोरा. तिरक्या उजेडात धरला की पांढऱ्यात पांढरं ‘व्हतं’ दिसायचं, आणि बोटाला तर अंधारातही लागलं असतं.

मावशी खळ्यावरून आली आणि पडवीत वाळत घातलेल्या कागदांपुढं कमरेवर हात देऊन उभी राहिली. ती चौथीपर्यंत शिकलेली, वाचता येतं. “परत शाई लाव की,” ती म्हणाली. “कशापायी अशी काटकसर?”

परत लावली तर शब्द पहिल्यासारखा दिसेल, मी म्हणाले, आणि मला तो जाताना दाखवायचाय. मग तिनं सांगितलं की उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरलं की गावाची भिताडं वर दिसतात. ती दर साल बघून येते. दर साल जराशी कमी दिसतात. चिंच तर कधीच गेली. आता घर कुठलं ते पायाच्या दगडांवरून ओळखायचं. ती खाली बसली, शेवटच्या कोऱ्या कागदावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, “ह्यो बी लाव. ह्यो नसला तर बाकीचं उगाच हाय. आनि मी बगायला येनार.”

कागद मी स्वतः जुन्नरला नेऊन दिले. मंडळाचे संयोजक निवृत्त शिक्षक होते, मराठीचेच. अत्यंत गोड बोलणारे. मी त्यांना दोनदा समजावून सांगितलं की पहिल्या काळ्यापासून शेवटच्या पांढऱ्यापर्यंत ओळीनं लावा, आणि दिवा बाजूला ठेवा म्हणजे शेवटचे दिसतील. ते मान डोलावत राहिले. फारच वेगळी कल्पना आहे म्हणाले. चहा पाजला.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी मावशी माझ्याकडे वारूळवाडीला उतरली. तिनं नेसायला नवं लुगडं आणलं होतं, आणि माझ्यासाठी नव्या भाताची पिशवी. सकाळी आम्ही जुन्नरला पोचलो. सभागृहाच्या दारात चपला काढताना माझं लक्ष भिंतीवरच्या पाटीकडे गेलं. जाड मार्करनं, वळणदार अक्षरात लिहिलं होतं, ‘पादत्राणे येथे काढावीत.’ कागद ओळखीचा वाटला. मी डोकं जरा बाजूला केलं. सकाळचं ऊन तिरकं येत होतं, आणि ‘पादत्राणे’च्या खाली, पांढऱ्यात पांढरं, ‘व्हतं’ होतं.

पुढं गेलो तर दुसऱ्या कागदावर ‘प्रवेश’. तिसरा अर्धा कापून नावनोंदणीच्या टेबलाला चिकटवला होता. चांगले जाड कोरे कागद मिळाले, कुणीतरी कामी लावले.

आत माझ्या नावाखाली कागदच नव्हते. भिंतभर एक फ्लेक्स होता. माझ्या ठशांचा फोटो काढून, दुकानात देऊन, अक्षरं बदलून छापून आणलेला. ओळीनं, एकासारखं एक, सगळं ठळक काळं: होतं, होतं, होतं, होतं. फिकट काहीच नव्हतं. फिकट शब्द लांबून दिसत नाहीत म्हणून तेही गडद करून घेतले होते. मावशी एकेक शब्द ओठ हलवत वाचत टोकापर्यंत गेली आणि परत आली. मला तिनं हळूच विचारलं, “माजं कुटं लावलंय?”

संयोजक हात जोडत आले. मी काय बोलले ते नीट आठवत नाही, आवाज चढला होता एवढं आठवतं. ते मात्र शांतच होते. “मॅडम, रागावू नका. आशय तोच ठेवलाय. फक्त शुद्ध करून घेतलं. उद्यापासून शाळांची मुलं येणार, त्यांच्यापुढं अशुद्ध कसं लावायचं?”

मावशी मध्ये आली. “अशुद्द म्हंजे काय वं? इटाळ झालेलं?”

“तसं नाही हो मावशी. व्याकरणाच्या दृष्टीनं.”

“मी बोलते त्ये इटाळाचं हाय का न्हाई, येवडंच सांगा.”

त्यांनी घड्याळ बघितलं. पाहुणे आले आहेत, दीपप्रज्वलन करून घेऊ, मग सविस्तर बोलू, असं म्हणून ते गेले. आजवर मला अनेकांनी अनेक गोष्टींबद्दल उत्तरं दिलेली नाहीत, पण ते घड्याळ बघणं मी विसरू शकत नाही. साठीच्या बाईनं सरळ प्रश्न विचारला होता. मान हलवून ‘नाही’ म्हणायला किती वेळ लागला असता?

चित्रकारांनी दोन शब्द बोलायचे होते. माझं नाव पुकारलं तेव्हा मी उठले, माईकसमोर उभी राहिले, नेहमीसारखं मनात वाक्य तपासायला घेतलं आणि तपासणीच झाली नाही. तोंडातून वडिलांचा आवाज आला म्हटलं तरी चालेल. “माज्या नावाखाली जे लावलंय ते माजं न्हाई. मी ‘व्हतं’ लिवलं व्हतं. ह्यांनी ते काडून ‘होतं’ क्येलं. आनि ज्या कागदावर शाई सरून गेली व्हती, त्याच्यावर चपला काडायची पाटी लिवली. ही बाई तितं बसलीय. तिचं गाव पान्याखाली हाय. तिच्याकडं येवडा एकच शब्द ऱ्हायला व्हता.”

समोर काही जण हसले. त्यांना वाटलं, मी गावरान बोलीतला एखादा विनोदी नमुना सादर करतेय. कुणीतरी टाळीसुद्धा वाजवली. हसणं थांबवायला माझ्याकडं काही नव्हतं. मी तशीच उभी राहिले. हळूहळू त्यांना कळलं की हा नमुना नव्हे, आणि मग सभागृहात जी शांतता झाली ती लाजेची होती असं मला म्हणता आलं असतं तर बरं वाटलं असतं. ती नुसती अवघडलेली होती. ठरलेल्या कार्यक्रमात काहीतरी बिघडलंय, तेवढीच.

मी खाली उतरले. मावशी तोवर उठून दारात गेली होती. तिनं पाटी नखांनी सोडवून काढली, गुंडाळी केली आणि काखेत घेतली. दारातल्या माणसानं विचारलं, आजी, ते कुठं नेताय? “माजं हाय,” एवढंच ती म्हणाली आणि चपला घालून पायऱ्या उतरली. काळे आणि करडे ठसे मला मागच्या खोलीतल्या कपाटावर सापडले, वर फुलांच्या परड्या ठेवलेल्या. पाणी गळून शाईवर डाग पडले होते. मी ते घेऊन आले.

नंतर जे झालं ते होणारच होतं. मंडळातलं कुणीतरी आमच्या मुख्याध्यापकांशी बोललं. त्यांनी मला बोलावून सांगितलं, दिलगिरीच्या दोन ओळी लिहून द्या, विषय मिटेल. मी दिल्या नाहीत. शाळेच्या कार्यक्रमांची सजावट, फलक, वार्षिक अंकाचं मुखपृष्ठ ही सगळी कामं माझ्याकडून गेली. स्टाफरूममध्ये कुणी मुद्दाम बोलणं टाकलं नाही, पण मी आत आले की बोलणं जरा शुद्ध व्हायचं. माझ्या समोर चुकून ‘न्हाई’ निघालं तर लोक हसून दुरुस्त करायचे, जणू मी त्यांच्यावर पहारा ठेवलाय. फ्लेक्स मात्र फिरत राहिला. प्रदर्शन छान झालं म्हणून मंडळानं तो शाळाशाळांत लावायला दिला. एका शाळेच्या व्हरांड्यात माझ्या नावासकट तो लटकलेला मी स्वतः बघितला, आणि आत जाऊन विनंती केली की निदान माझं नाव तरी काढा. तिथले शिक्षक मनापासून म्हणाले, राहू द्या की मॅडम, छान दिसतंय. त्यांचा काही दोष नाही. म्हणूनच जास्त राग येतो. दोष सापडला असता तर भांडून तरी मोकळी झाले असते.

मावशीनं ती पाटी घरी नेऊन भिंतीला लावली, पण पालथी. चपलांचं लिहिलेलं भिंतीकडं आणि कोरी बाजू घरात. त्या बाजूला अक्षरं वर उचललेली दिसतात आणि उलटी, फळीवर कोरली होती तशी. मी गेले तेव्हा म्हणाले, मावशी, हे उलटं आहे. ती म्हणाली, येतंय मला वाचाया. सकाळी पूर्वेच्या दारातून ऊन आत येतं, तेव्हा तेवढा वेळ ते दिसतं. मग घर पुन्हा अंधारतं आणि ती कामाला लागते. त्या कागदाविषयी तिनं पुन्हा कधी काही काढलं नाही. मला वाटायचं, तिनं माझ्यावरही रागवावं. तिचा शब्द घेऊन मीच तर तिकडे गेले होते. पण तिनं तसं कधी मनात आणलं नाही, आणि मला तिच्या वतीनं रागवायची जी सवय लागली ती लागलीच.

या वर्षी मी पुन्हा कापणीला गेले. मावशी आता फार वाकू शकत नाही. ती खळ्यावर बसून झोडलेल्या भातातला कचरा काढते आणि सगळ्यांना सूचना देते. तिथं फोनला रेंज नसते, खळ्याच्या एका कडेला उभं राहिलं तरच थोडी मिळते. मी पाणी प्यायला त्या कडेला गेले आणि फोन वाजला. संयोजक होते. आवाज तसाच गोड. जुनं सगळं विसरून जाऊ म्हणाले. यंदाच्या पंधरवड्यात बोलीभाषांचं खास दालन करतायत, सध्या त्याला फार मागणी आहे, वरूनही तशा सूचना आहेत. तुमचं ते ‘व्हतं’ आठवलं, ते पाठवा ना, लोकांना फार गोड वाटेल. या खेपेला जसंच्या तसं लावू, आणि उद्घाटनाला त्या आजींनाही आणा, त्यांच्या वेशात. दोन शब्द त्यांच्या बोलीत बोलल्या तर कार्यक्रमाला रंगत येईल.

भुसा वाऱ्यावर माझ्या अंगावर येत होता. मागं झोडणीचे आवाज चालू होते. मी मावशीकडं बघितलं. ती सुपातलं भात पाखडत सुनेला काहीतरी सांगत होती, आणि तिला या फोनचा पत्ता नव्हता. मला खूप काही बोलायचं होतं. त्या घड्याळाबद्दल, त्या हसण्याबद्दल, परडीखालच्या कागदांबद्दल.

“न्हाई,” मी म्हणाले.

त्यांना नीट ऐकू गेलं नसावं. “हॅलो? नाही म्हणताय का मॅडम?”

“न्हाई म्हनतीय.”